इनबॉक्समधली दुसऱ्यांची पत्रं

सातारा

चि. सायलीस,


तुझा निरोप वाचला. इनबॉक्समधला कचरा झाडून देणारं फुकटचं अ‍ॅप घेतलंस, तीन हजार जाहिराती एका फटक्यात गेल्या, आणि मी काही बोलायच्या आत तूच लिहून मोकळी झालीस, ‘मावशी, माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’ नसेल. पण मला तुझी काळजी नाही, बाकीच्यांची आहे.

त्या इनबॉक्समध्ये जरा खाली जाऊन बघ. ताईचा बायॉप्सीचा रिपोर्ट लॅबने तुझ्या पत्त्यावर पाठवला, कारण तिला स्वतःचा पासवर्ड कधी आठवत नाही. भाडेकरारासाठी घरमालकांनी आधार कार्ड धाडलं. दादाचा फॉर्म १६ आहे, कारण त्याचं रिटर्न तू भरतेस. आणि नागपूरच्या मैत्रिणीचा तो लांबलचक मेल, जो सल्ल्यासाठी तू मला जसाच्या तसा पुढे पाठवलास. (तिला विचारलं होतंस का? मी वकील आहे म्हणून चाललं, असं समजू नकोस.) यातला एकही कागद तुझा नाही. माणसांनी तुझं नाव बघून तो तुझ्या हाती दिला.

अ‍ॅप जोडताना गूगलने तुला परवानगीचा एक पांढरा पडदा दाखवला असेल. पूर्ण परवानगी मागणारं अ‍ॅप असेल तर तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं की, हे अ‍ॅप तुमचे सगळे मेल वाचू शकेल, लिहू शकेल, पाठवू शकेल आणि कायमचे पुसूही शकेल. सगळे, म्हणजे फक्त जाहिरातींचे नव्हेत. पक्षकार वकीलपत्रावर सही करतो तेव्हा मला त्याची बाजू मांडायचा अधिकार मिळतो, त्याच्या बहिणीची नाही. बहिणीला स्वतः यावं लागतं. तू मात्र त्या निळ्या बटणावर एका बोटाने ताईची, दादाची, घरमालकांची आणि त्या पोरीची सही करून टाकलीस.

हा वाद आजचा नाही. जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं तेव्हा हॉटमेल २ एमबी जागा देत होतं आणि गूगल १ जीबी द्यायला निघालं. तारीख बघून लोकांना ती थट्टाच वाटली. थट्टा नव्हती, पण किंमत होती. यंत्र मेलचा मजकूर चाळणार आणि त्यातल्या शब्दांवरून शेजारी जाहिरात लावणार. त्याच महिन्यात तीसेक संघटनांनी कंपनीला पत्र लिहून हे थांबवा म्हणून सांगितलं. कॅलिफोर्नियाच्या सिनेटर लिझ फिगरोआ यांनी विधेयक आणलं, त्याचा कायदा काही झाला नाही. माणूस वाचत नाही, यंत्र वाचतं, हे कंपनीचं उत्तर होतं. ते खोटं नव्हतं. स्पॅम आणि व्हायरस अडवायचे तर यंत्राला मेल चाळावाच लागतो, त्याला माझी हरकत नाही. ते चाळणं पत्र मिळणाऱ्याच्या कामाचं असतं. जाहिरातीसाठी चाळणं तिसऱ्याच्याच कामाचं, आणि त्यात पत्र पाठवणाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं.

हाच मुद्दा पुढे सॅन होजेच्या कोर्टात आला. ज्यांचं जीमेल खातंच नाही, पण ज्यांनी जीमेलवाल्यांना मेल लिहिले, अशी माणसंही वादींत होती. मेल पाठवणाऱ्याने असं चाळणं गृहीतच धरायला हवं, त्यात त्याची संमती आली, असा गूगलचा बचाव. न्यायाधीश लूसी कोह यांनी सप्टेंबर २०१३ मध्ये तो मानला नाही आणि दावा पुढे चालू दिला. मी तो आदेश वाचला तेव्हा बरं वाटलं होतं. मग मार्च २०१४ मध्ये त्याच कोर्टाने सगळ्यांचा मिळून एक दावा चालवायला नकार दिला. कारण काय, तर कुणी याबद्दल काय वाचलं होतं आणि कुणाची संमती होती हे माणसागणिक वेगळं तपासावं लागेल. कायद्याने ते बरोबर असेलही. पण एकेकट्याने एवढ्या मोठ्या कंपनीशी लढायला उभं कोण राहणार? त्यानंतर गैरजीमेलवाल्यांचा दुसरा दावा आला. तो चालू असतानाच, जून २०१७ मध्ये, आता जाहिरातींसाठी मेलचा मजकूर चाळणार नाही असं गूगलने जाहीर केलं. तेरा वर्षांनी.

तेव्हा आज जीमेलवर जाहिरात दिसली म्हणजे तुझा मेल वाचूनच दिसली, असं म्हणू नकोस. तो आरोप जुना झाला. पण दाराशी एक थांबला म्हणून खिडकीतून दुसरा येणार नाही, असं थोडंच आहे.

तुझ्या अ‍ॅपच्या जातीचंच उदाहरण देते. अमेरिकेत अनरोल-मी नावाची सेवा होती. नको असलेली वर्गणीची पत्रं झाडून द्यायची, फुकट. एप्रिल २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलं की, तिची मालक कंपनी स्लाइस याच इनबॉक्समधल्या लिफ्टच्या टॅक्सीच्या पावत्या गोळा करून, नावं काढून, त्यांची माहिती उबरला विकत होती. प्रतिस्पर्ध्याचा धंदा किती चालतो हे उबरला प्रवाशांच्या पावत्यांवरून कळत होतं. पुढे २०१९ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने अनरोल-मीला धरलं. आयोगाचं म्हणणं असं की, परवानगी द्यायला बिचकणाऱ्यांना कंपनीने तुमच्या खासगी गोष्टींना आम्ही हात लावणार नाही असा दिलासा दिला आणि पावत्या मात्र उचलत राहिली. नावं काढली होती, हे तू म्हणशीलच. एखाद्या बाईची टॅक्सी दर मंगळवारी सकाळी त्याच कॅन्सर हॉस्पिटलच्या दाराशी थांबत असेल, तर पावतीवर नाव कशाला हवं?

आपल्याकडे काय, हे तू विचारशील. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीचा कायदा मंजूर झाला. संमती मोकळेपणी, नेमक्या कामासाठी आणि समजून दिलेली हवी, असं तो म्हणतो. संमतीची विनंती आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायची सोय द्यायला हवी असंही म्हणतो. चांगलं आहे. पण त्याच कायद्यात एक कलम आहे ज्याकडे कुणी बघत नाही. एखाद्या व्यक्तीने घरगुती किंवा वैयक्तिक कामासाठी वापरलेल्या माहितीला तो लागूच होत नाही. म्हणजे ताईचा रिपोर्ट तू कुठे ठेवतेस, कुणाला पुढे पाठवतेस, याचा जाब तुला हा कायदा विचारणार नाही. तिथे तू आणि ताई, दोघीच.

म्हणून आता एवढं कर. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जा, जोडलेल्या बाहेरच्या अ‍ॅपची यादी उघड आणि तुझ्या त्या अ‍ॅपचा प्रवेश काढून टाक. फोनवरून अ‍ॅप उडवलं म्हणजे प्रवेश गेला, असं नाही. ते दोन वेगळे व्यवहार आहेत. जीमेलच्या सेटिंगमध्ये बाहेरची चित्रं दाखवण्यापूर्वी विचारा, असा पर्याय आहे तो चालू कर, कारण तू मेल कधी उघडलास हे सांगणारं टाचणीच्या टोकाएवढं अदृश्य चित्र जाहिरातवाले आत पेरतात. जाहिराती कमी करायच्या तर त्या त्या मेलच्या वर सदस्यत्व रद्द करायचा दुवा असतो. एकेक दाबत बसायला रविवारची दुपार जाईल, जाऊ दे. रिपोर्ट आणि आधार उतरवून लॅपटॉपवर ठेव आणि इनबॉक्समधून काढ. ट्रॅशमधूनही.

नागपूरला फोन कर. तिचा मेल माझ्याकडे आलाय हे तिला सांग. ती चिडली तर चिडू दे, पण हे माझ्याकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलेलं बरं. मी तिची केस घ्यावी असं तिला वाटलं, तर तिने स्वतः मला फोन करावा.

एक अडचण राहते. प्रवेश काढलास तरी आतापर्यंत उचललेलं अ‍ॅपवाल्यांकडे राहिलेलंच असेल. ते काय काय आहे हे कळवा आणि पुसून टाका, असं त्या कंपनीला लेखी मागायला हवं. मसुदा मी करते. तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे, पण तू पत्राची सुरुवात ‘सॉरी टू बॉदर यू’ने करशील.

तुझी,
मावशी