कप घ्यायचा की नाही, ते तू ठरव

जुनी इंदूर,
रविवार

चि. चिऊस,


पोहायला जायला लागल्यापासून तू टॅम्पॉन वापरतेस, शेवटच्या दिवसांत ते कोरडे लागून टोचतात, आणि होस्टेलमधल्या मुली आता पाळीचा कप घे म्हणतात. तुझ्या आईला विचारलंस तर ती म्हणाली, "लग्नाआधी असलं काही नको." म्हणून मला लिहिलंस, ते फार बरं केलंस. मावशीने जन्मभर नर्सची नोकरी केली, तिला हे विचारायला संकोच कसला?

आधी तुझ्या आईच्या, म्हणजे माझ्या ताईच्या, भीतीबद्दल. तिच्यावर रागावू नकोस. आमच्या आजीच्या वेळी या घरात पाळीच्या बाईने चार दिवस मागच्या खोलीत बसायचं, आणि कापडं वाळवायची ती दुसऱ्या कपड्याखाली झाकून. त्या वातावरणात वाढलेल्या मुलीला स्वतःच्या शरीराबद्दल कुणी काही सांगितलंच नाही. कपाने कौमार्य जातं असं ताईला वाटतं, ते तिथून आलेलं आहे.

पण खरं काय ते तुला माहीत हवं. योनीपटल हा योनीच्या तोंडाशी असलेला लवचिक पडदा. त्याला मुळातच वाट असते, नाहीतर पाळीचं रक्त बाहेर आलंच नसतं. कुणाचा तो खेळताना ताणला जातो, कुणाचा संबंधानंतरही तसाच राहतो. कपाने तो ताणला जाऊ शकतो, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. मात्र त्यावरून कुठल्याही मुलीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी हा मुद्दा वर्षानुवर्षं लावून धरला, आणि २०१९ साली नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कौमार्याच्या खुणांचा भाग अभ्यासक्रमातून काढून टाकला. डॉक्टरांच्या शिक्षणातून जी गोष्ट गेली ती आपल्या घरातूनही जावी, असं मला मनापासून वाटतं. ताईशी मी बोलते, ते माझ्यावर सोड.

आता कपाचं. ही काही कालची टूम नव्हे. अमेरिकेत लिओना चाल्मर्स या बाईने १९३७ साली अशा कपाचं पेटंट घेतलं होतं, तेव्हा तो रबराचा असायचा. आता वैद्यकीय दर्जाच्या सिलिकोनचा असतो. तो रक्त शोषत नाही, फक्त साठवतो, म्हणून टॅम्पॉनसारखा कोरडेपणा येत नाही. साधारण पंधरा ते तीस मिलिलिटर रक्त त्यात मावतं. बहुतेकींच्या संपूर्ण पाळीत तीस ते ऐंशी मिलिलिटरच जातं, तेव्हा पहिले दोन दिवस सोडले तर सकाळ-संध्याकाळ रिकामा केला की पुरतं. बारा तासांच्या वर मात्र ठेवायचा नाही.

घालायच्या आधी हात साबणाने धू, नखं कापलेली असू देत. कपाची कड आत दुमडून घडी कर, उकिडवी बस, आणि कंबरेच्या दिशेने, म्हणजे तिरका मागे, सरकव. सरळ वर ढकललास तर दुखेल. आत गेल्यावर घडी उघडते आणि कप कडेने घट्ट बसतो. काढताना पुष्कळ मुली चुकतात: खालचा देठ धरून ओढतात. तसं करायचं नाही. बोटांनी तळ चिमटीत दाबायचा, म्हणजे आतली हवेची पकड सुटते, मग हळूच डोलवत बाहेर काढायचा. पहिल्या वेळी निघाला नाही तर घाबरायचं नाही. तो आत हरवत नाही, वर गर्भाशयाचं तोंड असतं, त्याच्या पलीकडे जायला जागाच नाही. पाच मिनिटं शांत बसून पुन्हा प्रयत्न कर. घाबरलीस की तिथले स्नायू आवळतात आणि काम अवघड होतं.

पहिल्या पाळीत जमलं नाही म्हणून फेकून देऊ नकोस. दोन-तीन पाळ्या जाऊ देत, तोवर जोडीला पातळ पॅड लाव. पहिला प्रयोग सुट्टीच्या दिवशी कर, परीक्षेच्या किंवा स्पर्धेच्या दिवशी नको. तरीही त्रासच झाला तर खुशाल सोडून दे. पॅड वापरणारी मुलगी मागासलेली ठरत नाही, आणि कप वापरणारी काही थोर होत नाही.

होस्टेलच्या सामायिक संडासात बाहेरच्या बेसिनवर कप धुवायला नको वाटेल. पाण्याची छोटी बाटली बरोबर ने, आतच धू. आमच्या इथे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तरी एवढ्याला तांब्याभर पाणी पुरतं. कापडी घड्या धुवायला किती लागायचं ते आम्हाला ठाऊक आहे. पाळी संपली की वेगळ्या पातेल्यात पाच मिनिटं उकळ, कोरडा कर, सुती पिशवीत ठेव. हवाबंद डबीत नको.

भीतीची जागा खरी कुठे आहे तेही सांगते. २०१९ साली 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला, त्यात सुमारे ३,३०० स्त्रिया आणि मुली होत्या. गळती पॅड-टॅम्पॉनइतकीच किंवा त्याहून कमी आढळली. पण काहींना कप काढायला डॉक्टरकडे जावं लागलं, आणि टॉक्सिक शॉक सिंड्रोमच्या पाच घटनाही नोंदल्या आहेत. हा आजार टॅम्पॉनमुळेही होतो, विरळा असतो, पण गंभीर असतो. म्हणून कप किंवा टॅम्पॉन आत असताना एकाएकी जोराचा ताप, उलट्या, चक्कर, अंगावर लाल पुरळ असं काही झालं तर तो लगेच काढ आणि थेट दवाखाना गाठ. कॉपर-टी बसवलेल्या मैत्रिणीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय कप घेऊ नये, तो काढताना कॉपर-टी सरकू शकते. हे तिला नक्की सांग.

आणि एक गोष्ट कचऱ्याची. सकाळी नगर निगमची गाडी येते, तिला सॅनिटरी कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो. इंदूर २०१७ पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेत पहिलं आलं याचा मला अभिमान आहे. पण त्या कप्प्यातलं पुढे कुणीतरी हातानेच हाताळतं, हे मी विसरू शकत नाही. तुझ्या पुण्यात तर 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायकांनी २०१३ साली वापरलेली पॅड्स गोळा करून बनवणाऱ्या कंपन्यांनाच परत पाठवली होती. पॅड वापरायचंच तर कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून दे. त्या बायकांनीच मागितलेली ती खूण आहे. कपाने हा ढीग कमी होतो. केरळात २०१८च्या पुरात मदत छावण्यांमध्ये पॅडची विल्हेवाट लावणं कठीण झालं, आणि पुढच्याच वर्षी आलप्पुळात ५,००० कप वाटले गेले. तरी या कारणासाठी स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. पृथ्वीचा भार एकट्या मुलींच्या पाळीवर टाकणं मला मान्य नाही.

माप लहान घे. तीन-चारशे रुपयांत चांगला मिळतो, मात्र वैद्यकीय दर्जाचं सिलिकोन असल्याचं वेष्टनावर वाचून घे. पैसे मी पाठवते. पहिल्या वेळी अडलीस तर फोन कर, रात्री केलास तरी चालेल.

तुझी,
मावशी