घातक कचऱ्यातून मूल्यवान धातू : शासकीय अनुदानाची दिशा आणि अटी

कारखान्यातून किंवा घरातून बाहेर पडणारा सर्व कचरा एका जातीचा नसतो. भाजीपाल्याचे अवशेष काही दिवसांत मातीत मिसळून जातात. परंतु शिसे, कॅडमियम किंवा पारा एकदा मातीत गेला म्हणजे तो नाहीसा होत नाही. पावसाच्या पाण्याबरोबर तो विहिरीत उतरतो, पिकांच्या वाटे माणसाच्या शरीरात प्रवेश करतो. विषारी, ज्वलनशील, स्फोटक किंवा संक्षारक गुणधर्मांमुळे आरोग्यास व पर्यावरणास अपाय करणाऱ्या अशा टाकाऊ पदार्थांना कायद्याने घातक कचरा मानले आहे. मात्र ज्या कचऱ्यात हे विष असते, त्याच कचऱ्यात पुष्कळदा देशाला परदेशांतून विकत आणावे लागणारे धातूही असतात. ते सुरक्षितपणे वेगळे काढणे याला पुनर्प्राप्ती म्हणतात. हे काम खर्चाचे आहे आणि म्हणूनच त्यासाठी शासनाने अर्थसाहाय्य द्यावे काय, द्यावयाचे तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

कायद्याची वाटचाल

डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुदुर्घटनेने रासायनिक उद्योगांतील धोक्यांची भीषण जाणीव देशाला करून दिली. त्यानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियम संमत झाला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक कचऱ्याच्या व्यवस्थापनाचे पहिले नियम करण्यात आले. त्याच वर्षी घातक कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारा बाझल करार स्वीकारला गेला. भारताने त्यास १९९२ मध्ये मान्यता दिली. पुढे २००८ आणि २०१६ मध्ये नियमांची नव्याने मांडणी झाली.

२०१६ च्या नियमांनी एक निश्चित क्रम घालून दिला. प्रथम कचरा होऊच न देणे, मग तो कमीत कमी होईल असे पाहणे, त्यानंतर पुनर्वापर, पुनर्चक्रण व पुनर्प्राप्ती आणि सर्वांत शेवटी सुरक्षित विल्हेवाट. जमिनीत पुरणे किंवा जाळून टाकणे हा पहिला नव्हे, तर अखेरचा उपाय होय, हे या क्रमाचे सार आहे.

सार्वजनिक पैसा कशासाठी?

जो प्रदूषण करील त्यानेच त्याच्या निवारणाचा खर्च सोसावा, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी वेळोवेळी उचलून धरले आहे. मग करदात्यांचा पैसा या कामी का खर्चावा, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. तिचे उत्तर छोट्या उद्योगांच्या परिस्थितीत सापडते. एखाद्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्याला स्वतःपुरते प्रक्रिया केंद्र उभारणे परवडत नाही. सुरक्षित मार्ग महाग आणि ओढ्यात सोडून देण्याचा मार्ग फुकट, अशी स्थिती राहिली तर केवळ दंडाच्या भीतीने कायदा पाळला जात नाही. सुरक्षित मार्ग आवाक्यात आणणे हा अशा अर्थसाहाय्याचा हेतू असतो.

या विचारातूनच १९९१ मध्ये केंद्र शासनाने लघुउद्योगांच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना साहाय्य देण्याची योजना सुरू केली. २०१२ मध्ये तिच्यात सुधारणा होऊन प्रकल्पखर्चाचा ५० टक्के वाटा केंद्राने, २५ टक्के राज्याने व उरलेला २५ टक्के उद्योगांनी उचलावा असे सूत्र ठरले. घातक घनकचऱ्यासाठीही सामायिक व्यवस्थेचीच कल्पना पुढे आली. महाराष्ट्रात तळोजे, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशी केंद्रे उभी राहिली आहेत.

या केंद्रांची उपयुक्तता निर्विवाद आहे. तथापि, तेथे मुख्यतः कचरा सुरक्षितपणे पुरला किंवा जाळला जातो. पुरलेल्या कचऱ्यावर पुढील अनेक वर्षे देखरेख ठेवावी लागते आणि त्यातील धातू पुन्हा उपयोगात येत नाहीत. त्यामुळे विल्हेवाटीच्या पुढे जाऊन पुनर्प्राप्तीला साहाय्य देण्याची गरज निर्माण झाली.

बॅटरीच्या पोटातील खनिजे

भ्रमणध्वनी, संगणक आणि विद्युत वाहने यांतील लिथियम-आयन बॅटरी हे या गरजेचे उत्तम उदाहरण होय. तिच्यात लिथियम, कोबाल्ट, निकेल, मँगनीज हे धातू आणि ग्रॅफाइट असते. लिथियम, कोबाल्ट आणि निकेल यांसाठी आपला देश आयातीवर अवलंबून राहिला आहे. केंद्र शासनाने २०२३ मध्ये ३० महत्त्वपूर्ण खनिजांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत या तिन्हींचा व ग्रॅफाइटचा समावेश आहे.

हीच बॅटरी निष्काळजीपणे फोडली तर पेट घेते. तिच्यातील द्रवात विरघळलेल्या क्षाराचा ओलाव्याशी संयोग झाल्यास हायड्रोजन फ्लोराइड हा अत्यंत अपायकारक वायू तयार होतो. म्हणून शास्त्रशुद्ध कारखान्यात प्रथम बॅटरीतील उरलेला विद्युतभार काढून टाकतात, नंतर नियंत्रित वातावरणात तिचे तुकडे करतात आणि तांबे, ॲल्युमिनियम व प्लास्टिक वेगळे करतात. मागे जी काळी भुकटी उरते तिला या व्यवसायात ‘ब्लॅक मास’ म्हणतात. मौल्यवान धातू याच भुकटीत असतात. ती आम्लात विरघळवून, द्रावकांच्या साहाय्याने एकेक धातू वेगळा काढण्याचे काम सर्वांत कठीण आणि सर्वांत भांडवली खर्चाचे असते.

भुकटी तयार करून ती परदेशी पाठविणे तुलनेने सोपे आहे. परंतु तसे केल्यास कचरा फोडण्याचा धोका आपल्याकडे राहतो आणि धातू मात्र दुसरीकडे जातात.

२०२५ ची प्रोत्साहन योजना

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानास मान्यता मिळाली. त्याचाच एक भाग म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिची मुदत २०२५-२६ ते २०३०-३१ अशी आहे. इलेक्ट्रॉनिक कचरा, लिथियम-आयन बॅटऱ्यांचे भंगार आणि जुन्या वाहनांतील उत्प्रेरक यांसारखे अन्य भंगार हा तिच्या कक्षेतील कच्चा माल होय. खाण मंत्रालयाने २ ऑक्टोबर २०२५ रोजी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रकल्प व्यवस्थापनाचे काम नागपूर येथील जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास व अभिकल्प केंद्राकडे सोपविण्यात आले, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्षणीय बाब आहे.

या योजनेचे वैशिष्ट्य तिच्या रकमेपेक्षा तिच्या अटींत आहे. जे उद्योग प्रत्यक्ष खनिज वेगळे काढतील त्यांनाच प्रोत्साहन मिळते. केवळ काळ्या भुकटीच्या उत्पादनावर थांबणाऱ्यांना ते मिळत नाही. नव्या कारखान्यांबरोबरच जुन्यांचा विस्तार आणि आधुनिकीकरण यांनाही योजना लागू आहे. एकूण निधीपैकी एकतृतीयांश भाग लहान व नवोदित उद्योजकांसाठी राखून ठेवण्यात आला आहे.

साहाय्याचे दोन प्रकार आहेत. पहिले भांडवली अनुदान. विहित मुदतीत उत्पादन सुरू करणाऱ्यास यंत्रसामग्री, उपकरणे व आनुषंगिक सुविधा यांवरील खर्चाच्या २० टक्के रक्कम मिळते. विलंब झाल्यास ती कमी होते. दुसरे म्हणजे चालू खर्चासाठीचे अनुदान. २०२५-२६ या पायाभूत वर्षाच्या तुलनेत विक्रीत ठरावीक वाढ झाली तरच ते मिळते. त्याचा ४० टक्के भाग दुसऱ्या वर्षी व ६० टक्के भाग पाचव्या वर्षी दिला जातो. दोन्ही मिळून मोठ्या उद्योगास जास्तीत जास्त ५० कोटी आणि लहान उद्योगास २५ कोटी रुपये मिळू शकतात. त्यांतील चालू खर्चाच्या अनुदानाची मर्यादा अनुक्रमे १० कोटी व ५ कोटी रुपये आहे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एखाद्या लहान उद्योजकाने पात्र यंत्रसामग्रीवर ३० कोटी रुपये खर्च केले आणि वेळेत उत्पादन सुरू केले, तर त्याला ६ कोटी रुपये भांडवली अनुदान मिळेल. उरलेले २४ कोटी रुपये त्याला स्वतः किंवा कर्जाने उभे करावे लागतील. चालू खर्चाच्या अनुदानाची पूर्ण मर्यादा त्याला लागू झाली तर दुसऱ्या वर्षी २ कोटी आणि पाचव्या वर्षी ३ कोटी रुपये मिळतील. म्हणजेच मोठा हप्ता शेवटी आहे. अनुदान घेऊन कारखाना बंद करणाऱ्यास या रचनेत फारसा लाभ नाही. टिकून राहणाऱ्यास आहे.

या योजनेतून वर्षाला किमान २ लाख ७० हजार टन पुनर्चक्रणाची क्षमता निर्माण व्हावी, सुमारे ४० हजार टन खनिजे मिळावीत, सुमारे ८,००० कोटी रुपयांची गुंतवणूक व्हावी आणि प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून सुमारे ७० हजार रोजगार उपलब्ध व्हावेत, अशी अपेक्षा आहे.

अनुदान जेथे पोचत नाही

यंत्र उभे राहिले तरी त्याला कच्चा माल लागतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकांवर आपला माल वापरानंतर परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली. सुवाह्य व विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांतून २०२६-२७ पासून शुष्क वजनाच्या किमान ९० टक्के पदार्थ परत मिळविले पाहिजेत, असेही बंधन घातले. तरीही जुनी वस्तू घराबाहेर पडते ती बहुधा फेरीवाल्या भंगारवाल्याच्या हाती. त्याच्याकडून ती नोंदणी नसलेल्या लहानशा गाळ्यात जाते. तेथे हातोडीने फोडणे, तारा जाळून तांबे काढणे, उघड्या भांड्यात आम्ल वापरणे असे प्रकार चालतात. त्या धुराचे मोल कोणत्याही ताळेबंदात लिहिले जात नाही. ते तेथे काम करणाऱ्यांची फुप्फुसे देतात.

२०१६ च्या नियमांनी या संदर्भात राज्य शासनावर विशेष कर्तव्य सोपविले आहे. औद्योगिक वसाहतींत पुनर्चक्रणासाठी जागा वा गाळे राखून ठेवणे, या कामातील कामगारांची नोंद करणे, त्यांना कौशल्यांचे प्रशिक्षण देणे आणि त्यांच्या आरोग्याची व सुरक्षिततेची दरवर्षी पाहणी करणे, ही ती कर्तव्ये होत. अनुदान यंत्राला मिळते, कामगाराला नाही. म्हणून या नियमांची अंमलबजावणी ही अनुदानाची आवश्यक जोड मानली पाहिजे. भंगार गोळा करणाऱ्यांच्या सहकारी संस्थांना नोंदणीकृत कारखान्यांशी जोडून दिले, तर त्यांचा रोजगार टिकेल आणि धोक्याचे काम धोक्याला तोंड देण्यास सज्ज असलेल्या ठिकाणी होईल.

पुनर्प्राप्तीनंतरही काही विषारी गाळ उरतोच. तो अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे गेला किंवा नाही, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाहावे लागेल. तसे न झाल्यास एका वस्तीतील विष दुसऱ्या वस्तीत नेऊन टाकण्यापलीकडे काही साधणार नाही.

सार्वजनिक पैशाचे मोल त्यातून उभ्या राहिलेल्या इमारतींवरून ठरत नाही. किती धातू देशाच्या उपयोगी पडला, किती विष माती-पाण्यात जाण्यापासून रोखले गेले आणि ते काम करणारे किती हात निरोगी राहिले, यावरून ते ठरते. उद्योजकांनी अनुदानाच्या अटी नीट समजून घेऊन या क्षेत्रात उतरावे आणि नागरिकांनी जुन्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलन केंद्रांकडे द्याव्यात. धातूचा परतीचा प्रवास तेथूनच सुरू होतो.