भाचेबुवांची काळी स्क्रीन



रात्री पावणेदोनला भाचेबुवांचा मेसेज आला : ‘गेम चालत नाही. फॉरमॅट मारतो.’ एकूण पाच शब्द. पहिल्या तिनांत फिर्याद, पुढच्या दोनांत थेट शिक्षा. तपासाला जागाच नाही. सकाळी मामी म्हणाली, फोन करून समजावा पोराला. पण फोनवर भाचेबुवा ‘हो, हो’ म्हणतात आणि तिकडे बोटं टर्मिनलमध्ये भलतीच कमांड चिकटवत असतात, हे मामाला ठाऊक आहे. म्हणून हा कागद. कागद धरला की हात अडकतात.

‘चालत नाही’ म्हणजे नेमकं काय होतं? स्टीमवर ‘प्ले’चं बटण क्षणभर ‘स्टॉप’ होऊन पुन्हा ‘प्ले’ होतं? खिडकी काळी राहते, पण आवाज येतो? की गेम उघडतो आणि बैलगाडीसारखा चालतो? ही तीन वेगळी दुखणी आहेत.

घरातला दिवा लागला नाही म्हणून वायरमन भिंत फोडत नाही. तो आधी मीटरपाशी टेस्टर लावतो, मग मेन स्विच, मग बोर्ड, शेवटी होल्डर. इथेही खालून वर यायचं. तळाला कर्नलमधलं ड्रायव्हरचं मोड्यूल. त्यावर मेसा किंवा एनव्हिडियाच्या स्वतःच्या लायब्रऱ्या, म्हणजे ओपनजीएल आणि व्हल्कन. विंडोजचा गेम असेल तर डायरेक्टएक्सचे हुकूम व्हल्कनला समजतील असे करून देणारं डीएक्सव्हीके, आणि विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनसकट ते पोटात घेऊन बसलेलं प्रोटॉन. फिलिप रेबोले या प्रोग्रामरला ‘निअर : ऑटोमाटा’ लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्याने डीएक्सव्हीके लिहायला घेतलं. ऑगस्ट २०१८मध्ये स्टीमवाल्या व्हॉल्व्हने प्रोटॉन आणलं तेव्हा ते त्यात होतं. त्याचाही गेम चालत नव्हता, एवढंच भाचेबुवांनी ध्यानात घ्यावं.

तर पहिला टेस्टर. टर्मिनलमध्ये ‘जीएलएक्सइन्फो -बी’ लिहावं आणि ‘ओपनजीएल रेंडरर’ची ओळ वाचावी. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर ग्राफिक्स कार्ड बाजूला बसून गंमत बघतंय आणि सगळी चित्रं बिचारा प्रोसेसर हाताने काढतोय. अशा वेळी प्रोटॉनची आवृत्ती बदलून काय होणार? तिथे इंटेलचं नाव दिसलं तर बिघाड नाही. भाचेबुवांच्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स आहेत आणि बॅटरी वाचावी म्हणून काम सहसा इंटेलकडेच जातं. गेमच्या लाँच ऑप्शनमध्ये ‘प्राइम-रन’ आणि पुढे ‘%कमांड%’ घातलं की तो एनव्हिडियावर जातो. प्राइम-रन नसलेल्या डिस्ट्रोत तेच काम दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल करतात.

दुसरा टेस्टर ‘एनव्हिडिया-एसएमआय’. त्याने ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ म्हटलं तर अपडेटने डिस्कवर नवी लायब्ररी आणली आहे, पण मेमरीत मोड्यूल जुनंच बसलंय. औषध : रीस्टार्ट. ड्रायव्हरशी बोलताच येत नाही म्हटलं तर मोड्यूल चढलेलंच नाही. कर्नल नुकतंच बदललं असेल तर ग्रबच्या बूट मेनूमधून आधीचं कर्नल निवडून बघावं. त्यावर सगळं सुरळीत चाललं, तर नव्या कर्नलसाठी मोड्यूल तयारच झालं नाही हे कळतं. बहुतेक वेळा त्या कर्नलचे हेडर्स नसतात.

मामाही शहाणा म्हणून जन्मला नाही. एका दिवाळीच्या सुट्टीत त्याने एकाच मशीनवर उबंटू तीनदा टाकलं, तिन्ही वेळा ड्रायव्हर घातला, तिन्ही वेळा तीच अंधुक, मोठ्या चौकोनांची स्क्रीन. चौथ्या दिवशी हाताने ‘मॉडप्रोब एनव्हिडिया’ दिल्यावर उत्तर आलं : ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. सिक्युअर बूट चालू होतं आणि ओळखीची सही नसलेल्या मोड्यूलला कर्नल दारातच अडवत होतं. ड्रायव्हर टाकताना पासवर्ड विचारला होता. रीस्टार्टनंतर निळा पडदा आला, त्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा होता. मामाने तिन्ही वेळा घाईने ‘कंटिन्यू बूट’ दाबलं. तीन दिवस गेले, चकल्या संपल्या.

न वाचण्याचा रोग मोठ्यांनाही होतो. नोव्हेंबर २०२१मध्ये आलेल्या एका व्हिडिओत यूट्यूबवरच्या ‘लिनस टेक टिप्स’च्या लिनस सेबास्टियनने पॉप ओएसवर टर्मिनलमधून स्टीम टाकायला घेतलं. एका पॅकेजच्या घोळामुळे सिस्टीम अख्खा डेस्कटॉप काढायला निघाली होती. काय काय जाणार याची यादी तिने दाखवली, हे घातक ठरू शकतं असंही सांगितलं आणि पुढे जायचं तर ‘येस, डू ॲज आय से!’ हे वाक्य टाइप करायला लावलं. त्याने ते केलं. डेस्कटॉप गेला. चूक पॅकेजची होती हे खरं, ते लवकरच दुरुस्तही झालं. पण वाक्य त्यानेच टाइप केलं होतं.

एनव्हिडियाचं एवढं लफडं का, हा भाचेबुवांचा नेहमीचा प्रश्न. एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर कर्नल आणि मेसातच असतात, वेगळं काही टाकावं लागत नाही. एनव्हिडियाने आपलं दार बरीच वर्षं बंद ठेवलं. जून २०१२मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सच्या जनकाने, लिनस टोरवाल्ड्सने, कॅमेऱ्यासमोर या कंपनीला मधलं बोट दाखवलं, ते यावरूनच. मे २०२२मध्ये कंपनीने कर्नलची मोड्यूल खुली केली, पण ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांपुरतीच. वरच्या लायब्रऱ्या अजूनही बंद.

भाचेबुवांचं जीटीएक्स १०५० टीआय त्याआधीच्या पास्कल पिढीतलं. त्याला खुलं मोड्यूल चालत नाही आणि त्याला साथ देणारी शेवटची ड्रायव्हर मालिका ५८०. ‘सगळ्यात नवा टाकतो’ म्हणून ५९० ओढला तर हे कार्ड चालणारच नाही. ५८०च टाकावा, तोही डिस्ट्रोच्या पॅकेजमधून. कंपनीच्या साइटवरची ‘.रन’ फाइल घरात घेऊ नये. पुढच्या कर्नलला तीच पायात येते.

ड्रायव्हर ठीक निघाला तर गेम कुठे ठेवलाय ते बघावं. विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवरच्याच फाइली वापरायच्या, पुन्हा पन्नास जीबी कशाला डाउनलोड करा, हा हिशोब कोकणी काटकसरीला धरून असला तरी तो फसतो. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी छोटं खोटं विंडोज उभारतं आणि त्यात ‘सी:’ नावाची लिंक बनवतं. नावातलं ते अपूर्णविरामाचं चिन्ह एनटीएफएसवर गोंधळ घालतं. शिवाय विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर पार्टिशन लिनक्सला नुसतं वाचायला मिळतं. गेम ईएक्सटी४वर न्यावा.

काही दुखण्यांना मात्र औषध नाही. व्हॅलोरंटचं अँटी-चीट व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं, ते लिनक्सवर येत नाही. एपेक्स लेजेंड्स लिनक्सवर चालायचा; ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस कंपनीनेच दार लावलं. उलट एल्डन रिंगमध्ये अँटी-चीट असूनही तो चालतो, कारण त्याच्या कंपनीने परवानगी दिली. निर्णय कंपनीचा असतो तिथे भाचेबुवांनी रात्र जाळू नये.

आता कामाचं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदललं ते वहीत लिहावं. मामाला तीन गोष्टी पाठवाव्यात : जीएलएक्सइन्फोची रेंडररची ओळ, एनव्हिडिया-एसएमआयचं उत्तर, आणि ‘प्रोटॉन_लॉग=१ %कमांड%’ लावून गेम एकदा पडू दिल्यावर होम फोल्डरमध्ये तयार होणारी लॉग फाइल. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो चालणार नाही. आणि दहाच्या आत पाठवावं. नंतर मामा झोपलेला असतो.