नळ गळतो तेव्हा काय सांगावे?



मागच्या मे महिन्यात आमच्या मोरीतला नळ गळू लागला. टप्, टप्, टप्. आजी म्हणाली, "थेंबच तर आहेत, गळू दे." मी नळाखाली एक लिटरचा तांब्या ठेवला आणि घड्याळ लावून बसलो. तांब्या भरायला बरोबर २४ मिनिटे लागली. आता गणित करा. दिवसाची मिनिटे १४४०. १४४० भागिले २४, उत्तर ६०. म्हणजे रोज ६० लिटर पाणी! जल जीवन मिशन ही योजना २०१९ साली सुरू झाली. तिच्यात खेडेगावात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. म्हणजे आमचा नळ एका माणसापेक्षा जास्त पाणी पीत होता.

मला वाटले, आपणच दुरुस्त करू. बाबांचा पाना घेतला, नळाला लावला आणि जोर करून पिळला. कट् असा आवाज आला. नळ गळायचा थांबला म्हणून मी खूश! पण रात्रभर भिंतीच्या आतून पाणी झिरपत राहिले आणि सकाळी गच्चीवरची टाकी कोरडी. त्या दिवसांत आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येत होते, त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत घरात थेंब नाही. आजीचे गुडघे दुखतात, तरी ती कळशी घेऊन विहिरीवर गेली. मी मागून हंडा घेऊन गेलो. ती मला रागावली नाही, आणि त्याचेच मला जास्त वाईट वाटले.

आमचे कासू पेण आणि नागोठणे यांच्या मध्ये. स्टेशन आहे, हायवे आहे, पण प्लंबरची पाटी काही मला दिसली नाही. आईने कुणाकडून तरी नंबर मिळवून फोन केला आणि सांगितले, "नळ बिघडलाय, लवकर या." तो माणूस दुपारी एक नवा नळ घेऊन आला. भिंत पाहिली आणि म्हणाला, "सगळी लाइन बदलायला लागेल, लाद्या फोडाव्या लागतील." त्याने सांगितलेला आकडा ऐकून आई गप्पच बसली. येण्याजाण्याचे पैसे घेऊन तो गेला. तो खोटे बोलला असे मी म्हणत नाही. पण आम्हांला काहीच समजत नव्हते, त्यामुळे त्याला विचारणार तरी काय?

मग बाबा म्हणाले, "सामान विकणाऱ्याला चांगला कारागीर माहीत असतो." ते मला मिनीडोरने पेणच्या बाजारात घेऊन गेले. हार्डवेअरच्या दुकानदारांनी आधी मलाच प्रश्न विचारले. गळते कुठून? तोंडातून, मुठीखालून की भिंतीतून? पाइप लोखंडी की प्लास्टिकचा? किती इंची? मला एकच उत्तर आले, "भिंतीतून." त्यांनी एका प्लंबरकाकांचा नंबर दिला. काका दुसऱ्या दिवशी आले. काम करता करता त्यांनी मला जे शिकवले, तेच येथे लिहितो.

नळ बंद केल्यावर तोंडातून थेंब पडत असतील तर आतली चकती, म्हणजे वॉशर, झिजलेली असते. ती रबराची असते आणि फार स्वस्त मिळते. (अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळात रबर नसते. त्यात चिनी मातीच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात.) नळ चालू असताना मुठीखालून पाणी येत असेल तर ग्लँड सैल झालेली असते. आणि भिंतीशी ओल असेल तर दोष नळात नसून जोडात असतो. आमचे आधी पहिले दुखणे होते, मी पाना पिळून तिसरे केले! भिंतीतल्या प्लास्टिकच्या एल्बोला चीर गेली होती.

एल्बो म्हणजे पाइपाचे कोपर. आपला हात कोपरात वाकतो तसा पाइप तेथे काटकोनात वळतो. जेथे एका पाइपातून दोन वाटा फुटतात तेथे टी. दोन सरळ पाइप जोडतो तो सॉकेट. मोठ्या पाइपाला लहान पाइप जोडायचा तर रेड्यूसर. युनियन ही मला सगळ्यांत हुशार वस्तू वाटली. ती मध्ये असेल तर सगळी लाइन न फिरवता तेवढाच जोड उघडता येतो. पाइपावरच्या गोल गोल खाचांना आटे म्हणतात. त्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतात. टेप आटे पिळण्याच्या दिशेने गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर पिळताना सुटून येते.

मापाची एक गंमत सांगतो. काकांकडचा अर्धा इंची लोखंडी पाइप मी पट्टीने बाहेरून मोजला, तर सुमारे २१ मिलिमीटर भरला. अर्धा इंच म्हणजे तर १२.७ मिलिमीटर! काका म्हणाले, "ते नाव आतल्या भोकावरून पडलंय रे." प्लास्टिकच्या काही पाइपांचे बाहेरचे माप आणखी वेगळे असते. म्हणून फोनवर नुसते "अर्धा इंची" सांगू नये, पाइप कसला तेही सांगावे.

माझी आणखी एक फजिती झाली. काकांनी मला बॉल व्हॉल्व्ह आणायला पाठवले आणि मी बॉल कॉक घेऊन आलो. बॉल व्हॉल्व्ह लाइनीत असतो. त्याच्या आत भोक असलेला गोळा असतो, दांडी पाव फेरा फिरवली की पाणी बंद. बॉल कॉक टाकीत असतो. त्याला लांब दांडीवर तरंगणारा चेंडू असतो, टाकी भरली की चेंडू वर येतो आणि पाणी आपोआप थांबते. काका हसले, पण मला परत बाजारात जावे लागले.

मोरीतल्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात थोडे पाणी नेहमी साठून राहते, ते गटारातला वास अडवते. मामाच्या गावाहून महिन्याने परत आलो तेव्हा मोरीला वास का येत होता ते मला आता कळले. ते पाणी आटले होते! तांब्याभर पाणी ओतले की झाले. संडासासाठी असा वाकडा पाइप १७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग यांनी आपल्या नावावर नोंदवला. ते घड्याळे बनवणारे होते.

प्लंबर हा शब्द लॅटिन भाषेतल्या 'प्लम्बम' वरून आला. त्याचा अर्थ शिसे. रोमन लोक शिशाचे नळ वापरीत. शिसे विषारी असते, म्हणून पिण्याच्या पाण्याला आता ते नळ घालत नाहीत. आय.टी.आय. मध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. आपल्या भाषेत त्याला नळ कारागीर म्हणतात, आणि मला हे नाव जास्त आवडते.

काकांनी तळहाताएवढीच भिंत फोडली. चिरलेला तुकडा कापून काढला, पितळी आट्यांचा एल्बो सोल्युशनने चिकटवला आणि सांगितले, "मी म्हणेपर्यंत पाणी सोडायचं नाही." एकही लादी बदलली नाही. आईने काम सुरू होण्यापूर्वीच विचारून घेतले होते, "दादा, मजुरी किती आणि सामान वेगळं की धरून? जुना तुकडा आम्हांला दाखवा हं." काकांना राग आला नाही. उलट म्हणाले, "वहिनी, असं विचारलेलं बरं, मागून वाद नको."

जाताना त्यांनी मला घरचा मुख्य व्हॉल्व्ह दाखवला. तो माझ्या उंचीलाच होता, पायरीच्या बाजूला. त्या रात्री तो बंद केला असता तर टाकी वाचली असती. मी त्यावर लाल रंगाची खूण केली आहे आणि आजीलाही तो फिरवता येतो.

नळाचे चित्र माझ्या मित्राने काढले आहे. चित्राच्या खाली दोऱ्याने बांधलेली काळी चकती आमच्या नळातलीच आहे. तिच्या मधोमध पडलेला गोल खड्डा बोटाला लागतो. हात लावून पाहा, पण ओढू नका, दोरा कच्चा आहे.