एकट्यानं सोडू नकोस, लेका

तू दारू सोडायचं ठरवलंयस हे तुझ्या आईकडून कळलं. बरं वाटलं. शपथ-बिपथ घेऊ नकोस. आपल्या घराण्यानं घेतलेल्या शपथा ठेवायला देवाकडे आता जागा उरलेली नाही. मला एकच सांगायचंय. प्यायचास तेव्हा चौघांत बसून प्यायचास, मग सोडताना दार लावून एकटा का बसतोस? ज्यांनी प्यायली आणि सोडली, त्यांच्यात जाऊन बस. या वाटेवरचे सगळे खड्डे तुझ्या मामानं अंगानं मोजलेत, तेव्हा मान हलवत का होईना, पण शेवटपर्यंत वाच.

१. आधी डॉक्टर, मग बाकीचं — रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, ताप, बडबड सुरू झाली तर जिवावर बेततं. हात थरथरला तर डॉक्टर, मन थरथरलं तर सोबती. त्यांच्या कामांची अदलाबदल करू नकोस.

२. डॉक्टरला खरा आकडा सांग, क्वार्टर तर क्वार्टर, खंबा तर खंबा — ‘कधीतरी, मित्रांबरोबर’ एवढंच सांगितलंस तर औषधही तेवढ्याच हिशेबानं मिळेल. लाज वाटत असेल तर घरातून निघतानाच चिठ्ठीवर लिहून ने आणि टेबलावर सरकव.

३. खोकल्याचं औषध किंवा आसव-अरिष्ट घेण्याआधी बाटलीवरचं बारीक अक्षर वाच — द्राक्षासवात अंगचाच मद्यार्क असतो, आणि ‘औषध म्हणून दोन चमचे’ हे आपल्या जातीच्या माणसाला दोन चमच्यांवर थांबवत नाही.

४. घरी बजावून ठेव : ‘न सांगता दारू सोडवा’ म्हणत भाजीत कालवायची पूड विकणारा आला तर त्याला दारातूनच परत पाठवा — असल्या पुडीत काय आहे कुणाला ठाऊक! ती डायसल्फिराम या दारू सोडवायच्या औषधाची निघाली, तर त्यावर दारू पोटात जाताच तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. क्वचित माणूस जातो. आपण काय खाल्लंय हेच ज्याला माहीत नाही, तो सावध कसा राहणार? गोळी घ्यायचीच तर डॉक्टरच्या चिठ्ठीनं, आणि तुझ्या स्वतःच्या हातानं.

आता मुख्य मुद्दा.

५. कुठं जायचं ते आज संध्याकाळीच विचारून ठेव — तलफ आल्यावर पत्ता शोधणाऱ्याला आधी वाइन शॉपच सापडतं. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, फोनला पैसे पडत नाहीत. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे सगळे ज्याला ए.ए. म्हणतात त्याच्या मीटिंगा आपल्याकडे १९५७ पासून भरतात.

६. घरी राहून जमेना, तर केंद्रात भरती व्हायला कचरू नकोस — पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली काढलं, त्याला पु. ल. आणि सुनीताबाईंनी हात दिला. तिथं आज समुपदेशनाला बसलेल्यांतही एके काळी स्वतः पेशंट म्हणून आलेली माणसं आहेत. तुझी थाप त्यांना पहिल्याच वाक्याला कळते, आणि तरी ते रागावत नाहीत.

७. केंद्रातून बाहेर आलास की त्याच आठवड्यात फॉलोअपला किंवा मीटिंगला हजर हो — आत सगळं सोपं असतं, कारण गेटला कुलूप असतं. खरी परीक्षा रिक्षा तुमच्या नाक्यावर थांबते तिथं सुरू होते.

८. पहिल्या मीटिंगला दहा मिनिटं आधी जा — उशिरा पोचलास तर दारातून आत डोकावशील, सगळ्यांच्या माना वळतील आणि तू ‘चुकून आलो’ म्हणून परत फिरशील. आधी गेलास तर खुर्च्या मांडणारा कुणीतरी तुझ्याही हातात दोन खुर्च्या देईल; हाताला काम असलं की पाय पळत नाहीत.

मीटिंगबद्दल काहीबाही कल्पना करून घाबरू नकोस. बहुतेक वेळा शाळेचा वर्ग नाहीतर चर्चमागची खोली असते. बाक चौथीच्या मुलांचे, त्यात आपले गुडघे मावत नाहीत, म्हणून सगळे जरा तिरके बसलेले. फळ्यावर दिवसाचा सुविचार तसाच राहिलेला. टेबलावर चहाची किटली, ग्लुकोज बिस्किटं, आणि प्लॅस्टिक चढवलेले कागद. त्यावर बारा पायऱ्या छापलेल्या असतात, त्या आळीपाळीनं वाचतात. मग एकेक जण नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणतो आणि पाचेक मिनिटं बोलतो. मध्येच कुणी उपदेश करत नाही, तोडत नाही. तुझ्या शेजारी रिक्षावाला असेल, पलीकडे बँकेतला साहेब. दोघांची गोष्ट ऐकलीस तर कुणाची कुठली, हे तुला ओळखता यायचं नाही.

९. बोलायचं नसेल तर ‘आज फक्त ऐकतो’ एवढं म्हण — कुणी आग्रह करत नाही. पहिल्या दिवशी फार बोलणारे दुसऱ्या आठवड्यात दिसत नाहीत, असं माझं एक खवचट निरीक्षण आहे.

१०. पाकिटाची चिंता सोड — फी नाही, फॉर्म नाही. यायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. थैली फिरते तीत जमलं तर दहा रुपये टाक, नाहीतर पुढं सरकव. मोठी रक्कम मागणारा, ‘आमचं तेल घ्या’ म्हणणारा किंवा धर्म बदलायला लावणारा भेटला तर चहा संपवून ऊठ.

११. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून जायचं टाळू नकोस — भेटला तर तोही तिथंच बसलेला असेल ना! आडनाव सांगावं लागत नाही, आणि तिथं ऐकलेलं तिथंच ठेवायचं हा नियम तूही पाळ, अगदी बायकोलाही सांगू नकोस.

१२. पायऱ्यांत देवाचं नाव येतं म्हणून नाक मुरडू नकोस — प्रत्येकानं आपापल्या समजुतीप्रमाणं घ्यायचं असतं. तू कॉलेजात नास्तिक झाला होतास हे मला ठाऊक आहे; तुझं कोडं सुटेपर्यंत समोर बसलेली माणसंच मोठी शक्ती धर.

१३. एक मीटिंग रुचली नाही तर दुसरीकडे जा, पण निदान चार-पाच पाहिल्याशिवाय मत बनवू नकोस — एखाद्या ठिकाणी एकच काका पाऊण तास बोलतात. पहिला परमिट रूम आवडला नाही म्हणून तू प्यायचं सोडलं होतंस का?

१४. पहिल्याच दिवशी तिघांचे नंबर घे आणि दुसऱ्या दिवशी विनाकारण एकेक फोन लाव — ‘सहज केला’ म्हणायची सवय चांगल्या दिवशी लागली तरच वाईट दिवशी बोट त्या नावावर जातं. रोज कोरडा फोन केला की ओला दिवस टळतो.

१५. तलफ आली की आधी फोन, मग विचार — विचार आधी केलास तर तो वकिलासारखा बाटलीच्या बाजूनं बोलतो. पंधरा-वीस मिनिटं कुणाशी तरी बोलत राहिलास की लाट ओसरते. पुन्हा आली तर पुन्हा लाव.

हे फोनचं मी माझ्या पदरचं सांगत नाही. ए.ए.चा जन्मच त्यातून झाला. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअरदलाल अमेरिकेतल्या अॅक्रन गावी धंद्याचा सौदा फिसकटून हॉटेलच्या लॉबीत उभा होता. काही महिन्यांपूर्वीच सोडलेली. एका बाजूनं बारमधला हशा ऐकू येतोय, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो टेलिफोनकडे गेला आणि पाद्र्यांची यादी धरून एकेकाला विचारू लागला, इथं कुणी दारूनं गांजलेला आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. लक्षात घे, त्यानं वैद्य शोधला नाही, आपल्यासारखाच एक शोधला. शेवटी डॉ. बॉब स्मिथ या सर्जनची गाठ पडली. डॉक्टर ‘पंधरा मिनिटं बसतो’ या बोलीवर आले आणि रात्री अकरा वाजून गेले तरी बोलत होते. त्या रात्री कुणी कुणाला शिकवलं नाही. दोघांनी फक्त खरं सांगितलं.

१६. महिनाभरात स्पॉन्सर, म्हणजे आधी सोडलेला वाटाड्या, म्हणून एकाला धर, पुरुषानं पुरुषाला आणि बाईनं बाईला — रात्री बोलणं लांबतं, आणि एक गुंता सोडवताना दुसरा नको. निवडताना भाषण कुणाचं चांगलं हे बघू नकोस. घरी फोन केल्यावर त्याची बायको मोकळेपणानं बोलते का, ते बघ.

१७. स्पॉन्सरकडून उसने घेऊ नकोस, त्याला देऊ नकोस — पैसे अडकले की फोन करायचं तोंड राहत नाही.

१८. व्हॉट्सॲपवर हात जोडलेले इमोजी म्हणजे सोबत नव्हे — गावात मीटिंग नसेल तर व्हिडिओवर बस, पण कॅमेरा चालू ठेवून. महिन्यातून एकदा एसटी धर आणि प्रत्यक्ष जा.

१९. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चौघांची संध्याकाळी सहाला हजेरी घे — दोघं हजर असतील तर मीटिंग चुकवू नकोस. आधी मात्र दोन पोळ्या खा. भरल्या पोटी बाटलीची आठवण अर्धी होते.

२०. जुन्या मित्रांना शिव्या घालू नकोस, फक्त सहा महिने त्यांच्या रस्त्यानं जाऊ नकोस — ते वाईट नाहीत, त्यांना गिऱ्हाईक कमी झाल्याचं दुःख आहे. पगाराच्या दिवशी तर स्टेशनहून घरी दुसऱ्या गल्लीनं ये.

२१. हळदीला, वरातीला जाताच हातात कोकम सरबताचा ग्लास घे आणि तो रिकामा होऊ देऊ नकोस — रिकामा हात दिसला की आपल्याकडे पाहुणचार उसळतो. ‘गोळ्या चालू आहेत’ म्हटलं की काकालोक गप्प बसतात, आणि ते खोटंही नसतं.

२२. सूनबाईला तिच्यासारख्या बायकांत जाऊ दे — ए.ए.वाल्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, ती बिलची बायको लोइस हिनं १९५१ साली मैत्रिणीबरोबर उभी केली. मुक्तांगणचा ‘सहचरी’ गट आहे. ती तिथं काय बोलते ते विचारू नकोस. तू प्यायचास तेव्हा तिनं बाटल्या मोजल्या, खिसे तपासले, तुझ्या साहेबाला खोटे फोन केले. तिलाही ते कुठंतरी उतरवायला हवंच.

२३. ओळखीत एखादी बाई पीत असेल तर कुजबुजू नकोस, तिला बायकांची मीटिंग शोधून दे — तिला लाज दुप्पट आणि जागा निम्मी मिळते. मुक्तांगणात महिलांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे.

२४. घसरलास तर लपू नकोस, आणि पहिला फोन त्याच रात्री कर — डॉ. बॉबही त्या पहिल्या भेटीनंतर परिषदेला गेले आणि पिऊन परतले. त्यांचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा, आणि तोच ए.ए.चा स्थापनादिवस मानतात. मीटिंगला परत गेलास की टाळ्या वाजतील, ओरडा नाही पडायचा. हिशेब पुन्हा पहिल्या दिवसापासून, पण शिकलेलं पहिल्यापासून नाही.

२५. ‘आयुष्यभर नाही’ असं कुणाला सांगू नकोस, ‘आज नाही’ म्हण — आयुष्यभराचं ओझं ऐकूनच घसा कोरडा पडतो. आजचा दिवस मात्र रात्री अकरापर्यंत कसाही रेटता येतो, टीव्हीवर क्रिकेट लावून का होईना.

२६. तीन महिने झाले की चहाचं काम मागून घे — चहा तू करणार असशील तर मीटिंगच्या दिवशी तुला आजारी पडता येत नाही. नवा कुणी दारात घुटमळताना दिसला तर त्याला बिस्किटाचा पुडा फोडायला दे. उपदेश मुळीच करू नकोस.

२७. गटारीचा आणि ३१ डिसेंबरचा बेत आठवडाभर आधी पक्का कर — त्या दिवशी सगळं गाव मिळून आग्रह करतं आणि आपल्याकडे उत्तर तयार नसतं. यंदाच्या गटारीला तू माझ्याकडे ये. मामी कोंबडी-वडे करतेय. मीटिंग सातला, ती आटोपून जेवण नऊला. चालत जाऊ, पोहोचायला दहाच मिनिटं लागतात. सूनबाईलाही आण.