एक कथा, तीन नावे : ‘कुंकू’ आणि ‘उंबरठा’ या चित्रपट-शीर्षकांचा विचार

१. प्रास्ताविक

कथा, कादंबरी वा कविता यांच्या शीर्षकांचा विचार मराठी समीक्षेत प्रसंगोपात्त होत आला आहे. चित्रपटाचे शीर्षक मात्र बहुधा जाहिरातीचा भाग मानून बाजूला ठेवले जाते. वस्तुतः चित्रपट पाहून वर्षे लोटली, कथानकाचे तपशील पुसट झाले, तरी त्याचे नाव स्मरणात टिकून राहते. ‘नाव सुंदर आहे’ हा अभिप्रायही सहज दिला जातो. परंतु ते सौंदर्य नादात आहे, अर्थात आहे की नाव आणि कथा यांच्या संबंधात आहे, याची फोड क्वचितच केली जाते.

ही फोड करावयाची तर एकच कथा निरनिराळ्या नावांनी वावरली आहे, अशी उदाहरणे तपासणे उपयुक्त ठरते. मराठीत अशी दोन ठळक उदाहरणे आहेत. व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’ (१९३७) हा प्रभात फिल्म कंपनीचा चित्रपट नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला असून त्याचे हिंदी रूप ‘दुनिया न माने’ या नावाने आले. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकर यांची. तिचा आधार शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, आणि हिंदी रूपाचे नाव ‘सुबह’. दोन्ही चित्रपटांत पंचेचाळीस वर्षांचे अंतर आहे. मात्र दोहोंच्या केंद्रस्थानी घराने दिलेली जागा नाकारणारी स्त्री आहे, आणि दोन्ही कथांना प्रत्येकी तीन नावे लाभली आहेत. ही नावे शेजारी ठेवून पाहिली असता शीर्षकाच्या सामर्थ्याविषयी काही निश्चित विधान करता येते.

२. ‘न पटणारी गोष्ट’ ते ‘कुंकू’

‘न पटणारी गोष्ट’ या शीर्षकाची व्याकरणिक घडण लक्षणीय आहे. ‘पटणे’ या क्रियापदाला ‘कोणाला?’ या प्रश्नाचे उत्तर हवे असते. येथे ते गाळलेले आहे. गोष्ट न पटणारी खरी. पण ती नायिकेला, समाजाला की वाचकाला? शिवाय ‘गोष्ट’ म्हणजे ‘कथा’ आणि ‘गोष्ट’ म्हणजे ‘बाब’ असे दोन्ही अर्थ संभवतात. शीर्षक असे मोकळे असले तरी ते एक अभिप्राय आहे. कथेविषयी कोणीतरी मत देत आहे, असा त्याचा सूर आहे.

‘दुनिया न माने’ या नावात ती रिकामी जागा भरली गेली आहे. न मानणारी आता ‘दुनिया’ आहे. प्रत्यक्ष कथेत न मानणारी व्यक्ती नायिका आहे. आश्रयदात्या नातलगांनी फसवून एका वृद्ध विधुर वकिलाशी तिचा विवाह लावून दिला आहे, आणि ती त्याला पती म्हणून स्वीकारण्यास ठाम नकार देते. हिंदी शीर्षकात या नकाराचे कर्तेपण तिच्याकडून जगाकडे सरकले आहे. ‘जग मानो वा न मानो’ असा आव्हानाचा अर्थ त्यात वाचता येतो, हे खरे; तरी त्या अर्थातही वाक्याचा कर्ता जगच राहते.

‘कुंकू’ हे नाव या दोहोंपेक्षा वेगळ्या जातीचे आहे. ते अभिप्राय देत नाही. एका वस्तूकडे बोट दाखवते. मराठी समाजात मुलीच्या कपाळावर कुंकू विवाहापूर्वीही असते. विवाहाने त्याला सौभाग्याचा अर्थ प्राप्त होतो, आणि पतीच्या निधनानंतर ते पुसले जाते. म्हणजे जे मूळचे तिचे होते, ते विवाहाच्या क्षणी दुसऱ्याच्या आयुष्याला बांधले जाते. ‘कुंकवाचा धनी’ या शब्दप्रयोगात ही मालकी उघडच बोलली जाते. अभिधेने रंगाची चिमूट, लक्षणेने पती, आणि व्यंजनेने स्त्रीचे संपूर्ण सामाजिक अस्तित्व, असे अर्थाचे तीन थर या एका शब्दात प्रेक्षकाच्या मनात आधीपासूनच असतात.

चित्रपट या थरांना धक्का देतो. नायिकेच्या कपाळी कुंकू आहे. पण ज्याच्या नावाचे ते मानले जाते, त्याला ती धनी मानत नाही. शेवटी वृद्ध पतीला आपल्या अपराधाची जाणीव होते आणि तो स्वतःचे जीवन संपवून तिला बंधनातून मुक्त करतो. येथे शीर्षकाचा खरा पेच प्रकट होतो. जी घटना तिची सुटका करते, तीच रूढीप्रमाणे तिचे कुंकू हिरावून घेते. नायिकेला न्याय मिळाला असे म्हणावे, तर तो वैधव्याच्या वाटेने आला आहे; ती विधवा झाली म्हणून हळहळावे, तर ज्या विवाहाला तिने विवाह मानलेच नाही, त्याचे वैधव्य तरी कसले? हा प्रश्न ‘दुनिया न माने’ या नावातून उभा राहत नाही. ‘कुंकू’ या नावामुळे तो टाळता येत नाही. शब्दाचा हा ताण अद्याप संपलेला नाही. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे इत्यादी प्रथा बंद करण्याचा ठराव केला, हे येथे स्मरणीय आहे.

३. ‘बेघर’ ते ‘उंबरठा’

‘बेघर’ हे विशेषण आहे. त्यात स्त्रीची ओळख तिच्याजवळ जे नाही त्यावरून होते. मोजमापाचे परिमाण घर हेच राहते. ‘सुबह’ या नावाची दिशा उलट आहे. अंधार संपला, उजाडले, असा निर्वाळा ते प्रारंभीच देते. एका नावात हानी, दुसऱ्यात आशा. दोन्ही नावे कथेचा निकाल आधीच सांगून टाकतात.

‘उंबरठा’ निकाल देत नाही, कारण उंबरठा ही जागाच अनिर्णित आहे. ती घराच्या आत नाही, बाहेरही नाही. हिरण्यकशिपूच्या वधाच्या कथेत तिचे हेच वैशिष्ट्य उपयोगी पडते. वधू माप ओलांडून ज्यावरून आत येते तो उंबरठा. स्त्रीने ओलांडू नये अशी मर्यादा म्हणजेही उंबरठाच. प्र. के. अत्रे यांच्या ‘घराबाहेर’ (१९३४) या नाटकाचे शीर्षक पाऊल कोठे पडले ते सांगते. ‘उंबरठा’ हे शीर्षक ते पाऊल पडण्याचा क्षण पकडून ठेवते.

कथेतील सुलभा महाजन ही घर व लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाच्या अधीक्षकपदाची नोकरी स्वीकारते. तेथील व्यवस्थेशी संघर्ष करून ती राजीनामा देते व घरी परतते. मध्यंतरी पतीचे अन्य स्त्रीशी संबंध जुळले आहेत, हे कळल्यावर ती पुन्हा बाहेर पडते. उंबरठा असा एकदा नव्हे, तीनदा ओलांडला जातो, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ पालटतो. पहिल्यांदा तो मर्यादा असतो. परतताना तो परीक्षा ठरतो. कारण जिला आपले म्हणावे त्या घरात तिची जागा उरलेली नाही. शेवटी तो निर्णय होतो. शिवाय महिलाश्रमालाही एक उंबरठा आहे, आणि तो ओलांडून बाहेर पडण्याची मोकळीक आतल्या स्त्रियांना नाही. सुलभाचा प्रश्न सुखवस्तू घरातील एका स्त्रीचा न राहता घराबाहेर टाकलेल्या स्त्रियांच्या प्रश्नाला जाऊन भिडतो, तो या सामायिक प्रतिमेमुळे.

४. काही आक्षेप

यावर असे म्हणता येईल की, हिंदी नावांतील फरक हा भाषेचा व व्यापक प्रेक्षकवर्गाचा परिणाम आहे. त्यात गुणवत्तेचा प्रश्न नाही. हे अंशतः मान्य करावे लागते. प्रभातच्याच ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) या चित्रपटांची हिंदी रूपे अनुक्रमे ‘आदमी’ आणि ‘पडोसी’ या सरळ पर्यायांनी आली. त्या शब्दांचा अर्थ दोन्ही भाषांत जवळजवळ सारखाच आहे. ‘कुंकू’ या शब्दाला मात्र असा समानार्थी पर्याय नाही. भांगातील सिंदूर आणि कपाळावरील कुंकू यांच्या भोवतीचा आचार भिन्न आहे. यावरून इतकेच निष्पन्न होते की, काही शीर्षके भाषांतरक्षम असतात आणि काही आपल्या भाषेच्या लोकाचारात रुतलेली असतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वस्तुवाचक शब्द घेतला की शीर्षक प्रभावी होते, असा नियम यातून निघतो काय? तसे दिसत नाही. ‘माहेरची साडी’ (१९९१) हे शीर्षकही वस्तुवाचक आहे, लोकाचारात रुतलेले आहे आणि अत्यंत लोकप्रिय ठरलेले आहे. मात्र त्या शब्दांशी जोडलेली भावना चित्रपटाच्या प्रारंभी जी असते, तीच शेवटी अधिक गडद होते. तेथे शीर्षक रूढ अर्थाला दुजोरा देते. ‘कुंकू’ व ‘उंबरठा’ रूढ अर्थाची उलटतपासणी करतात. दोन्ही प्रकारची नावे स्मरणात राहतात. पहिले ओळखीच्या भावनेमुळे, तर दुसरे ओळखीच्या शब्दाविषयी निर्माण झालेल्या अस्वस्थतेमुळे.

५. समारोप

कादंबरीत निवेदकाचा आवाज असतो, म्हणून तिच्या शीर्षकाने अभिप्राय दिला तर तो त्या आवाजात मिसळून जातो. चित्रपटात बहुधा असा निवेदक नसतो. तेथे शीर्षकाचा अभिप्राय एकाकी पडतो आणि निकालासारखा ऐकू येतो. ‘कुंकू’ आणि ‘उंबरठा’ या नावांनी हा निकाल टाळला व रोजच्या घरातील एक शब्द प्रेक्षकाच्या हाती ठेवला. चित्रपटगृहात जाताना त्या शब्दाचा जो अर्थ असतो, तो बाहेर पडताना राहत नाही. शीर्षकाचे सौंदर्य या दोन अर्थांमधील अंतरात आहे.

शीर्षकाचा अभ्यास करताना, वर्गात अथवा संशोधनात, ते दोनदा वाचावे लागते : एकदा कृतीपूर्वी, एकदा कृतीनंतर. दुसऱ्या वाचनात काहीच पालटले नसेल, तर ते नाव ओळखीपुरतेच आहे असे समजावे. जेथे शब्द पालटतो, तेथे कृतीने भाषेत भर घातलेली असते. आणि त्या भाषेत जगणाऱ्या स्त्रीला आपल्या कपाळावरील कुंकवाकडे वा दारातील उंबरठ्याकडे नव्याने पाहण्याची एक शक्यता खुली झालेली असते.