पहिला मल्टिमीटर घेताना

आयटीआय किंवा पॉलिटेक्निकचा प्रवेश पक्का झाला की बरेच पालक मुलांना घेऊन पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठतात. तिथे दोन-तीनशे रुपयांच्या पिवळ्या मीटरपासून दहा हजारांपुढच्या मीटरपर्यंत सगळं मिळतं. ‘पोरगं मागे पडायला नको’ म्हणून कोणी ऐपतीबाहेरचा मीटर घेतो, तर कोणी ‘पहिलंच वर्ष आहे’ म्हणून सर्वांत स्वस्त उचलतो. पालकहो, किमतीआधी माहितीपत्रकातली अचूकतेची ओळ बघा.

ती साधारण अशी असते: ±(०.५% + ३ डिजिट). २००० काउंटच्या, म्हणजे साधारण २००० पर्यंतचे आकडे दाखवणाऱ्या मीटरवर २० व्होल्टच्या रेंजमध्ये ५ व्होल्ट मोजले, तर ०.५ टक्क्याचे ०.०२५ व्होल्ट होतात. शेवटचा आकडा ०.०१ व्होल्टचा, म्हणून तीन डिजिटचे आणखी ०.०३. म्हणजे चूक ०.०५५ व्होल्टपर्यंत जाऊ शकते. हीच ओळ ६००० काउंटच्या मीटरवर असेल, तर ६ व्होल्टच्या रेंजमध्ये चूक ०.०२८ वर येते. टक्का तोच, चूक निम्मी! पण काउंट जास्त आणि टक्काही जास्त असेल, तर शेवटचे आकडे नुसते शोभेचे.

इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मुलांनी मात्र सुरक्षितता आधी बघावी. डिस्ट्रिब्युशन बोर्डवर काम करायचं तर मीटरवर ‘कॅट-३, ६०० व्होल्ट’ असा शिक्का हवा, आणि करंटच्या दोन्ही सॉकेटना फ्यूज हवेत. इन्व्हर्टर, डिमर अशा ठिकाणी एसी नीट मोजायला ‘ट्रू आरएमएस’ लागतो. एवढं सगळं दोन-तीन हजारांच्या आसपास बसतं. त्याहून महाग मीटरसाठी कर्ज काढू नका. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत कॅलिब्रेशनचं स्टिकर लावलेला मीटर कंपनीच देते.

कंपनीला माणूस हवा असतो तो रीडिंगवर किती भरवसा ठेवायचा हे कळणारा. मेंटेनन्स आणि क्वालिटीत हे रोजचं काम, आणि एनएबीएल मान्यतेच्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळांत तर तोच व्यवसाय.

म्हणून मीटर आणला की पहिल्याच आठवड्यात, शिक्षकांना विचारून, कॉलेजच्या लॅबमधल्या बेंच मीटरशेजारी ठेवा. एकच बॅटरी, एकच रेझिस्टर दोन्हींवर मोजा, फरक तारखेसह वहीत लिहा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. मुलाखतीत ‘तुझा मीटर किती चुकतो?’ असं विचारलं, तर आकड्यात उत्तर देता येईल.